मुरंबा, बडोदा आणि ११ केव्हीचा फीडर

मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावात ११ ऑक्टोबर १९४६ रोजी जन्मलेला मुलगा पुढे देशाला महासंगणक देतो, ही गोष्ट अकोला जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘परम’ आणि डॉ. विजय भटकर अशी जोडी लावली की गुण मिळतो आणि विषय संपतो. गाव आणि महासंगणक यांच्या मधे काय घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही. मधे आहे विजेच्या शिक्षणाची साखळी: १९६५ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून बी.ई., १९६८ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून एम.ई. आणि १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएच.डी.

या साखळीतली मधली कडी, म्हणजे बडोद्याची एम.ई., जरा थांबून पाहावी अशी आहे. त्या काळात इलेक्ट्रिकलचा पदवीधर वीज मंडळात लागला की घरच्यांच्या दृष्टीनं गंगेत घोडं न्हायलेलं असे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना २० जून १९६० ची. गावोगाव खांब रोवले जात होते, इंजिनिअर हवेच होते. अशा वेळी पदवीनंतर आणखी शिकायला परराज्यात जाणं म्हणजे हातची नोकरी सोडून वही-पेन धरणं. बडोदं मात्र अगदीच परकं नव्हतं. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन पुढे त्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत सामावलं, आणि वऱ्हाडातल्या मुलाला तिथं मराठी कानावर पडण्याचीही सोय होती.

इलेक्ट्रिकलचा माणूस संगणकाकडे कसा वळला, असं आजच्या विद्यार्थ्याला वाटू शकतं. पण तेव्हा संगणकशास्त्र ही वेगळी शाखा देशात नुकती कुठे आकार घेत होती. नियंत्रण, संदेशवहन, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक ही सगळी भावंडं इलेक्ट्रिकलच्याच घरात नांदत होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था भटकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली तेव्हा अमेरिकेनं क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला खळखळ केली होती. तीन वर्षांची मुदत आणि साधारण ३० कोटी रुपये हातात होते. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून काम वाटून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. अनेक यंत्रं एका जाळ्यात बांधून ती एका तालात चालवायची, हे विजेच्या माणसाला नवं नाही. देशाचं ग्रिड दुसरं काय करतं?

भटकर पदवीधर झाले त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. कठोरा नाक्याजवळच्या या महाविद्यालयात आज इलेक्ट्रिकल पॉवर सिस्टिम या विषयात एम.टेक. करता येतं. १९८३ हे साल तर वऱ्हाडाच्या तंत्रशिक्षणाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवं. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच वर्षी बडनेऱ्याचं, अकोल्याजवळच्या बाभुळगावचं आणि शेगावचं अशी तीन खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयंही उघडली. या विद्यापीठाच्या कॉलेजांत ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर’ नावाची शाखा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत ‘ही कुठली ब्रांच?’ असा प्रश्न वऱ्हाडी पोरांना विचारला जायचाच. खरं तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आज विजेच्या क्षेत्राच्या मध्यभागी येऊन बसलं आहे. त्या जुन्या नावाला काळानंच न्याय दिला म्हणायचं.

एम.टेक.मध्ये शिकतात तरी काय? बी.ई.च्या चार वर्षांत मशीन झालं, पॉवर सिस्टिम झाली, कंट्रोल झालं. मग आणखी दोन वर्षं कशासाठी? याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत शोधण्यापेक्षा वरूड-मोर्शीच्या एखाद्या संत्रा बागेत शोधावं.

उन्हाळा आहे. बोअरवेल खोल गेली आहे. ११ केव्हीच्या फीडरवरून आलेली वीज बांधावरच्या डीपीत उतरते आणि तिथून चार-दोन शेतांतल्या मोटरींना जाते. थ्री फेज पुरवठा काही तासांचाच, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात. पाच एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. पण बाग फीडरच्या शेवटच्या टोकाला असेल आणि तिथं व्होल्टेज ३३० पर्यंत उतरलं असेल, तरी पाणी तेवढंच उपसायचं असतं. मग मोटर करंट वाढवून घेते, सुमारे सव्वापट. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सव्वापट करंटला दीडपटीहून जास्त उष्णता. वाइंडिंग जळतं, मोटर वर काढावी लागते, रिवाइंडिंगच्या दुकानात रांग लागते, आणि ऐन ताणाच्या दिवसांत बाग चार दिवस कोरडी राहते.

त्यात भर ऑटोस्विचची. रात्री लाईट येईल तेव्हा उठायला नको म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो. मोटर आपोआप सुरू होते. यात त्याची चूक काय? रात्री दोन वाजता साप-विंचवाच्या अंधारात बांधावर जायला कोण तयार होईल? पण हिशेब पाहा. १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता १३३ अँपिअरच्या आसपास. पाच एचपीच्या पंधरा मोटरी चालू असल्या तर एकशे बारा अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या आत. इंडक्शन मोटर सुरू होताना मात्र नेहमीच्या सहापट करंट खेचते. पंधराही मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर पावणेसातशे अँपिअर, डीपीच्या क्षमतेच्या पाचपट. फ्यूज उडतो, आणि तो जाड तारेनं बांधला असेल तर डीपीच जळते. महावितरण दर हंगामात ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा असं सांगत असते, त्यामागे हे गणित आहे. कपॅसिटरनं मोटरीला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर जागेवरच मिळते, ती सबस्टेशनपासून तारेतून वाहून आणावी लागत नाही, तारेतला करंट कमी होतो आणि टोकाचं व्होल्टेज थोडं वर येतं.

इथवर बी.ई.चा विद्यार्थी पोचतो. किंबहुना पोचायलाच हवा.

एम.टेक.चा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. एका फीडरवर तीनशे मोटरी आहेत. कपॅसिटर प्रत्येक मोटरीला लावायचा, की डीपीला, की ११ केव्हीच्या लाईनवर मोजक्या ठिकाणी? किती केव्हीएआरचा? मोटरी बंद असताना तोच कपॅसिटर व्होल्टेज नको तितकं वाढवणार नाही ना? याचं उत्तर काढायला अख्ख्या फीडरचा लोड फ्लो सोडवावा लागतो, म्हणजे प्रत्येक खांबावरचं व्होल्टेज आणि प्रत्येक तुकड्यातला करंट. आणि इथं पुस्तकी पद्धत दगा देते. उच्च दाबाच्या लाईनसाठी वापरली जाणारी ‘फास्ट डिकपल्ड’ पद्धत असं गृहीत धरते की तारेच्या रिॲक्टन्सपुढे तिचा रोध किरकोळ आहे. चारशे केव्हीच्या लाईनला ते लागू पडतं. खेड्यातल्या ११ केव्ही लाईनवर वीझल जातीचा बारीक कंडक्टर असतो. त्याचा रोध किलोमीटरमागे ०.९ ओहमच्या आसपास, रिॲक्टन्सच्या दुपटीहून जास्त. तिथं ती पद्धत उत्तराकडे सरकतच नाही, नुसती भरकटते. म्हणून अशा फीडरसाठी ‘बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप’ वापरतात: आधी शेवटच्या टोकापासून सबस्टेशनकडे करंटची बेरीज करत यायचं, मग सबस्टेशनपासून टोकाकडे व्होल्टेजची वजाबाकी करत जायचं, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हा फेरा चालू ठेवायचा.

आता या फीडरला सूर्य जोडा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. तिचे पथदर्शी प्रकल्प तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला झाले. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा, मोठा अवतार आला. शेतीच्या सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीला दिवसा वीज द्यायची, हा तिचा गाभा. शेतकऱ्याची रात्रीची पायपीट वाचते, हे मोठंच काम. इंजिनिअरसाठी मात्र नवा गुंता सुरू होतो. आजवर वीज सबस्टेशनकडून शेताकडे वाहत होती. आता दुपारी ती उलटीही वाहू शकते. दुपारी बाराला मोटरी बंद आणि ऊन कडक, तर जे टोक कमी व्होल्टेजसाठी बदनाम होतं तिथेच व्होल्टेज चढतं. पाच मिनिटांत ढग आला की उतरतं. फॉल्ट झाला तर करंट दोन बाजूंनी येतो आणि एकाच दिशेचा विचार करून लावलेलं संरक्षण गोंधळतं. या प्रश्नांची तयार उत्तरं बी.ई.च्या पुस्तकात नाहीत. काही उत्तरं तर अजून कुठल्याच पुस्तकात नाहीत, आणि एम.टेक.चा प्रबंध नेमका याच जागेसाठी असतो.

वऱ्हाडाच्या डोक्यावरून जाणारी वीजही कमी रंजक नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याहून निघालेली ७६५ केव्हीची वाहिनी कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाते. पूर्व विदर्भातली कोळशाची वीज पश्चिम महाराष्ट्राला पोचवणारा हा राजमार्ग. खुद्द वऱ्हाडात पारसला महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठला २७० मेगावॉटचे पाच संच असलेलं खासगी औष्णिक केंद्र आहे. ७६५ केव्ही एवढा प्रचंड दाब कशाला, याचं उत्तर सोपं आहे: तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजवर पाठवली तर करंट निम्मा होतो आणि तारेतला तोटा चौथाई. पण सोप्या उत्तरामागे अवघड प्रश्न दडलेला असतो. पावसाळी रात्री मागणी घटली की एवढी लांब लाईन स्वतःच कपॅसिटरसारखी वागते आणि दूरच्या टोकाचं व्होल्टेज पाठवणाऱ्या टोकापेक्षाही वर जातं. त्याला फेरांटी परिणाम म्हणतात. म्हणून सबस्टेशनात मोठमोठे शंट रिॲक्टर बसवलेले असतात. एकाच लाईनला दुपारी एक औषध आणि रात्री दुसरं.

असल्या लाईनवर संरक्षणाचा रिले चुकला, किंवा त्यानं आपलं काम अगदी तंतोतंत केलं, तर काय होतं हे देशानं ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी पाहिलं. बिना-ग्वाल्हेर-आग्रा या ४०० केव्ही मार्गावरचं एक सर्किट दर्जावाढीच्या कामासाठी बंद होतं. पश्चिम भागात पावसामुळे मागणी कमी, उत्तरेत उकाड्यामुळे जास्त. त्यामुळे उरलेल्या एका सर्किटवर भार वाढत गेला. या लाईनवरचा डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले करंट असं मोजतो. भागाकार लहान आला की त्याला वाटतं, कुठेतरी शॉर्ट झालं. प्रत्यक्षात शॉर्ट नव्हतं; करंट खूप होता आणि व्होल्टेज खचलं होतं, इतकंच. रिलेच्या तिसऱ्या झोननं तो दूरचा फॉल्ट समजून लाईन तोडली. तिचा भार शेजारच्या लाईनींवर गेला, त्या तुटल्या, आणि ३१ जुलैला देशातले साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले. पश्चिम ग्रिड वेगळं झालं म्हणून महाराष्ट्र वाचला. जड भार आणि खरा फॉल्ट यांत फरक कसा ओळखावा, हा ‘लोड एन्क्रोचमेंट’चा प्रश्न एम.टेक.च्या प्रोटेक्शनच्या वर्गात आजही याच उदाहरणानं शिकवावा लागतो. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईननं दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि सगळा भारत एकाच ५० हर्ट्‌झच्या तालावर आला. जाळं मोठं झालं की आधार वाढतो, आणि पसरणारी आग लागली तर तिला रानही मोठं मिळतं.

त्या ५० हर्ट्‌झमागे आजवर लोखंडाचं वजन होतं. पारसचा टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतो; कुठे अचानक लोड वाढलं तर त्या फिरत्या वस्तुमानातली ऊर्जा पहिल्या काही सेकंदांचा धक्का सोसते. पिठाच्या गिरणीचं जड चाक पट्टा निसटल्यावरही काही वेळ फिरत राहतं, तसं. सौर प्रकल्पात फिरणारं काही नाही, फक्त इन्व्हर्टर आहे. त्या इन्व्हर्टरलाच जड चाकासारखं वागायला शिकवायचं, म्हणजे ‘ग्रिड फॉर्मिंग’ नियंत्रण, हा सध्या जगभरच्या प्रयोगशाळांतला चर्चेचा विषय आहे. पॉवर सिस्टिम, कंट्रोल आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या तिन्ही पेपरांची गाठ इथं पडते.

एम.टेक.चं दार कुठून उघडतं? बहुतेकांसाठी ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेतून. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे. बहुपर्यायी प्रश्नांना चुकीबद्दल गुण कापतात, आकडा काढून लिहायच्या प्रश्नांना कापत नाहीत. स्कोअर तीन वर्षं चालतो आणि बी.ई.च्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं. आयआयटीचे प्रवेश-प्रस्ताव ‘कोॲप’वर, एनआयटीचे प्रवेश ‘सीसीएमटी’तून आणि राज्यातल्या महाविद्यालयांचे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून. वऱ्हाडी मुलांना सगळ्यांत जवळची एनआयटी नागपूरची, म्हणजे भटकरांचंच जुनं कॉलेज, आता व्हीएनआयटी. तिथं इंटिग्रेटेड पॉवर सिस्टिम्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हज असे दोन अभ्यासक्रम आहेत. मुंबईत व्हीजेटीआयला पॉवर सिस्टिम आणि कंट्रोल आहे. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांत एम.टेक. करण्याचीही वाट आहे. वर्ष एक जास्त, पण प्रयोगशाळेत हात बसतो.

पैशाचं गणित कोरडं आहे, पण टाळण्यासारखं नाही. गेट पात्र विद्यार्थ्याला एआयसीटीईची शिष्यवृत्ती दरमहा १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. गेटशिवाय राज्यातल्या महाविद्यालयात जागा मिळते. शिष्यवृत्ती मिळत नाही. ज्या मुलाचा वर्गमित्र बी.ई. होऊन पुण्यात नोकरीला लागला आहे, त्याला घरी दोन वर्षं ‘अजून शिकतोच का?’ हे ऐकावं लागतं. शेतकरी घरात तर हा प्रश्न कपाशीच्या भावावर अवलंबून कमी-जास्त टोचतो.

म्हणून स्पष्ट सांगितलेलं बरं: सरकारी नोकरीसाठी एम.टेक. लागत नाही. पॉवर ग्रिड, एनटीपीसी यांसारखे उपक्रम गेटच्या गुणांवर पदवीधरच घेत आले आहेत. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांच्या अभियंता पदांनाही पदवी पुरते. एम.टेक. लागतं ते दोन ठिकाणी. एक, अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला. दोन, जिथं रचना आणि संशोधन चालतं तिथं: रिले आणि इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपन्या, ग्रिडचा अभ्यास करणाऱ्या सल्लागार संस्था, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे मोटर कंट्रोलर, प्रयोगशाळा. यातलं पहिलं कारण गेल्या काही दशकांत वऱ्हाडात फार चाललं. कॉलेजं वाढली, शिक्षक हवे झाले, प्राध्यापकी टिकवायला एम.ई. लागली आणि कॉलेजांनी एम.ई.चे वर्ग उघडले. पुढे पदवीचेच प्रवेश घटले तेव्हा हे वर्ग आधी ओस पडले. नोकरीला असलेल्या शिक्षकासाठी केलेली पदव्युत्तर पदवी आणि प्रश्नामागे लागलेल्या विद्यार्थ्याची पदव्युत्तर पदवी कागदावर सारखीच दिसते; प्रबंध उघडला की फरक कळतो. शिक्षकांसाठी चांगली वाट नव्हती असं नाही. केंद्र सरकारचा क्यूआयपी कार्यक्रम १९७० पासून महाविद्यालयीन शिक्षकांना आयआयटीसारख्या संस्थांत एम.टेक. आणि पीएच.डी.साठी पाठवत आला आहे.

एम.टेक.चा कस दुसऱ्या वर्षात लागतो. पहिली दोन सत्रं पेपरांची; ती पाठांतरानंही निघतात. तिसरं आणि चौथं सत्र प्रबंधाचं, आणि तिथं पळवाट एकच असते: कुठल्यातरी परदेशी शोधनिबंधातलं ३३ बसचं प्रमाणित जाळं घ्यायचं, त्यावर एखादं नवं ऑप्टिमायझेशनचं तंत्र चालवायचं आणि तोटा काही टक्क्यांनी कमी झाला असा आलेख काढायचा. यात गणित असतं, वीज नसते. त्या ३३ बसच्या जागी अकोल्यातल्या एखाद्या खऱ्या फीडरचा नकाशा, कंडक्टरची जात आणि डीपीचे आकडे आले तर तोच प्रबंध वेगळा होतो, कारण खऱ्या फीडरवर निम्मी माहिती सापडत नाही आणि सापडलेली चुकीची असते. ती गोळा करायला वायरमनसोबत मोटरसायकलवर फिरावं लागतं. पूर्वी यासाठी महागडं सॉफ्टवेअर नाही ही सबब चालायची. अमेरिकेच्या ईपीआरआय संस्थेनं २००८ मध्ये मोफत खुलं केलेलं ओपनडीएसएस वितरण-जाळ्यांसाठीच आहे; आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब शिकवतो. आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं खुली झाली, त्यात आयईईईचीही आहेत. अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयातल्या मुलाला आता निबंध मिळत नाही असं म्हणता येणार नाही. शेजारच्या खासगी महाविद्यालयातल्या मुलाला मात्र पहिल्या टप्प्यात ही सोय नाही, आणि ही उणीव सरकारनं लवकर भरून काढायला हवी.

विषयांची वानवा तर या मातीत मुळीच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. खारी काळी माती ओली असते तेव्हा करंट चटकन वाहून नेते, म्हणून अर्थिंगला सोयीची वाटते. तीच माती मे महिन्यात हातभर भेगाळते, अर्थ रॉडपासून सुटते आणि रोध चढतो. शिवाय खारेपणानं लोखंडी रॉड लवकर गंजतो. चार सळया रोवून वेन्नरच्या पद्धतीनं मातीचा रोध वर्षभर दर महिन्याला मोजला, तरी सबस्टेशनच्या अर्थिंगच्या आराखड्याला उपयोगी पडेल असा प्रबंध होतो. जिनिंग कारखाने आणि अकोल्याच्या दाल मिलांमधल्या ड्राइव्हमुळे फीडरवर किती हार्मोनिक्स येतात, हा दुसरा. उन्हाचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा डीपीतलं तेल किती तापतं आणि तिचं आयुष्य किती घटतं, हा तिसरा.

विजेचं पदव्युत्तर शिक्षण फक्त अभियांत्रिकी महाविद्यालयातच होतं असंही नाही. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकीत अपारंपरिक ऊर्जा स्रोत आणि विद्युत अभियांत्रिकी असा विभाग आहे. याच विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल खेड्यापाड्यांत पोचली. कृषी अभियंत्यांना तिथं ऊर्जेच्या विषयात एम.टेक. करता येतं, आणि पंप, ड्रायर, बायोमास असे प्रश्न इलेक्ट्रिकलवाल्यांपेक्षा त्यांना कधी कधी जवळून कळतात. इलेक्ट्रिकल आणि कृषी अभियांत्रिकी या दोन विभागांतल्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून काम केल्याचं फारसं ऐकू येत नाही, ही दोघांचीही गैरसोय आहे.

परदेशाची वाट आता अमरावती-अकोल्याच्या घरांनाही परिचयाची झाली आहे. अमेरिकेतलं एम.एस. बहुधा ३० क्रेडिटचं असतं, प्रबंध ऐच्छिक, आणि खर्च कर्जाशिवाय बहुतेकांना पेलत नाही. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतांश ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाची रक्कम आधी गोठवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो होती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, आणि तिची माहिती तालुक्याच्या गावी अजूनही उशिरा पोचते.

ज्या विद्यार्थ्याच्या मनात इलेक्ट्रिकलचं एम.टेक. आहे, त्यानं गेटचा फॉर्म भरण्याआधी एक काम करावं. ज्या विभागात जायचं आहे तिथल्या ग्रंथालयात गेल्या तीन वर्षांचे प्रबंध काढून पाहावेत: विषय काय, मार्गदर्शक कोण, आणि त्यात एक तरी आकडा प्रत्यक्ष मोजून काढलेला आहे का. नसेल तर दुसरा विभाग पाहावा. गेटचे फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटी सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. त्याआधी एवढी चौकशी करायला वेळ पुरतो.